छावणीचा नाताळ आणि मंडळीचा नाताळ

खाम नदीच्या एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला छावणी, अशी या गावाची मांडणी एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, तिचे औरंगजेबाच्या काळात झालेले औरंगाबाद आणि पुढे निजामाच्या राज्यातले सुभ्याचे ठिकाण हा शहराचा प्रवास. छावणीचा प्रवास अगदी वेगळा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा महसूल इंग्रजांच्या हाती गेला, त्यातून हैदराबाद कंटिंजंट ही फौज पोसली जाऊ लागली आणि औरंगाबाद व जालना ही तिची दोन महत्त्वाची ठाणी राहिली. जमीन निजामाची, पण तिच्यावरचा कायदा आणि दिनक्रम इंग्रजांचा. निजामी कचेऱ्या शुक्रवारी बंद राहत, छावणीचा विसावा रविवारी. कोसभराच्या अंतरावर आठवड्याची गणती अशी बदलत असे. या दुसऱ्या गणतीतला सर्वांत मोठा दिवस २५ डिसेंबर. आज छत्रपती संभाजीनगरात आणि भोवतालच्या तालुक्यांत नाताळ साजरा होतो, तेव्हा तो या छावणीतूनच नदी ओलांडून आला असे बहुतेकांना वाटते. मला हा समज चुकीचा वाटतो. छावणीचा नाताळ छावणीतच राहिला. मराठवाड्यात रुजलेला नाताळ तिथून आला नाही. तो इथल्याच माणसांनी आपल्या गरजेतून घडवला, आणि त्यांना धर्म शिकवणाऱ्या बऱ्याच गोऱ्या पाद्र्यांच्या परंपरेत हा सण पाळलाच जात नव्हता.

छावणीतल्या नाताळापासूनच सुरुवात करू, कारण या भागातल्या माणसाला हा सण प्रथम तिथेच दिसला असणार. कंटिंजंटच्या एकेका पलटणीत गोरे अधिकारी मोजकेच, बाकी सगळी फौज देशी. म्हणजे सण साजरा करणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ. हिंदुस्थानभरच्या ठाण्यांत त्या दिवसाचा एक ठरीव विधी होता. सकाळी बंगल्याच्या फाटकाला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लागत, आणि मग सुभेदार, कंत्राटदार, किराणा पुरवणारे व्यापारी, कारकून आणि घरचे नोकर ‘डाली’ घेऊन येत. डाली म्हणजे फळे, सुकामेवा, मिठाई आणि फुले मांडलेली परडी. ती साहेबापुढे ठेवायची, मुजरा करायचा, साहेबाने तिला हात लावायचा आणि आलेल्याने निघून जायचे. पुढे सरकारी नोकरांच्या भेटींवर नियम आले, तरी फळाफुलांना त्यांतून सूट राहिली. औरंगाबादची छावणी याच जगाचा भाग होती. या विधीत केळीचे खुंट आपले, झेंडू आपला, मुजराही आपलाच. साहेबाच्या सणाला दरबाराचे रूप देशी माणसाने दिले, कारण वरिष्ठाच्या शुभदिनी नजराणा घेऊन जाणे एवढेच त्याला परिचयाचे होते. परंतु परडी नेहमी खालून वर जाई. ती आणणारा बंगल्याच्या पायरीपर्यंतच पोहोचे, जेवणाच्या मेजापर्यंत नाही. १८५७ च्या जूनमध्ये याच छावणीत कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात उठाव झाला आणि जनरल वुडबर्नच्या फौजेने तो कठोरपणे मोडला. त्यानंतर तर हे अंतर वाढलेच असणार. ज्या सणात आपल्याला फक्त उभे राहून मुजरा करायचा आहे, तो सण कोणी घरी नेत नाही. गोरे गेल्यावर डाली नाहीशी झाली, आणि तिची आठवण जपण्याची कोणाला गरजही भासली नाही.

छावणीतले साहेब ज्याला पिढीजात चाल म्हणून पाळत होते, ती चाल तरी किती जुनी होती? इंग्लंडच्या इतिहासात या सणाला मोठा खंड पडलेला आहे. यादवीच्या काळात प्युरिटनांच्या हाती पार्लमेंट गेले आणि १६४७ मध्ये त्यांनी नाताळचा सण कायद्याने रद्द केला. बायबलात या सणाची आज्ञा नाही, तारीखही दिलेली नाही, त्यामुळे हा माणसांनी रचलेला आणि दारू-जुगाराने भ्रष्ट झालेला दिवस आहे, असा त्यांचा युक्तिवाद. १६६० मध्ये राजा परतला तसा सणही परतला, पण आज आपण चित्रांत पाहतो तो सजलेला नाताळ तेव्हाचा नव्हे. तो व्हिक्टोरिया राणीच्या काळात जमला. डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरल’ डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. हेन्री कोल यांनी छापून घेतलेले पहिले नाताळ-भेटपत्र त्याच वर्षीचे. सजवलेल्या झाडाभोवती राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले उभी आहेत हे चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४८ मध्ये छापले, आणि मुळात जर्मन असलेले ते झाड इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. २६ डिसेंबरची सुट्टी १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने आली. औरंगाबादच्या बंगल्यात झाड सजवणारी मडम आपल्या आजीच्या लहानपणी नसलेली गोष्ट करत होती, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा इंग्रजांनी आपल्याला एक तयार, प्राचीन सण दिला हे म्हणणे पहिल्याच पायरीवर अडखळते. ज्या दशकांत तो सण तिकडे नव्याने रचला जात होता, त्याच दशकांत इकडच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहत होत्या.

वर आलेले १८४३ हे साल या कथेत आणखी एका कारणाने मोलाचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले आणि हिंदुस्थानातले बहुतेक स्कॉटिश मिशनरी त्याला जाऊन मिळाले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट त्यांत होते. आणि त्याच वर्षी, त्याच मिशनमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासातले हे सर्वांत मोठे देशी नाव. पुढे त्यांनी जालन्याला मिशनचे काम उभे केले, सालारजंगांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. विहिरी, शेती, शाळा आणि उपासनामंदिर असलेले हे गाव मुख्यतः मांग आणि महार समाजांतून आलेल्या कुटुंबांचे होते. शेषाद्रींना धर्म शिकवणाऱ्या स्कॉटिश लोकांच्या परंपरेत नाताळ नव्हता. स्कॉटलंडमधल्या धर्मसुधारकांनी १५६० च्या सुमारास तो सण बाजूला सारला, १६४० मध्ये तिथल्या पार्लमेंटने त्याची सुट्टी बंद केली, आणि पुढची तीनशे वर्षे तिथल्या बहुसंख्य लोकांसाठी २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस राहिला. तिकडचा मोठा उत्सव नववर्षाच्या आदल्या रात्रीचा. नाताळची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडमध्ये खऱ्या अर्थाने १९५८ मध्ये आली. एडिंबरोतून आलेला मिशनरी जालन्याच्या माणसांना ‘आमच्या देशातला पारंपरिक नाताळ’ शिकवू शकत नव्हता, कारण त्याच्या देशात तो नव्हता.

दक्षिणेला अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, गोष्ट याहून निराळी नाही. तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते. ते काँग्रिगेशनल पंथाचे, न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटनांचे थेट वारस. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे हा दिवस कायदेशीर सुट्टीचा झाला तो थेट १८५६ मध्ये. म्हणजे अहमदनगरला पहिला अमेरिकन मिशनरी स्थायिक होऊन पंचवीस वर्षे झाल्यावर. असे असूनही एकोणिसावे शतक संपेपर्यंत मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत नाताळ हा वर्षातला मुख्य सण होऊन बसला होता. शिकवणाऱ्यांच्या घरी नसलेला सण शिकणाऱ्यांच्या घरी आला कसा, हाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. औरंगाबाद शहरात काम करणारे चर्च मिशनरी सोसायटीचे मिशन अँग्लिकन होते, आणि अँग्लिकन चर्चच्या पंचांगात नाताळ होताच. छावणीतली इंग्रजी उपासनाही त्याच चर्चच्या पद्धतीची. मग इंग्रजांनीच तो आणला असे म्हणायला काय हरकत? तारीख आणि उपासनेचा क्रम एवढ्यापुरते हे मान्य करायला हवे. पण त्या मिशनची धुरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ ज्यांनी वाहिली ते रेव्हरंड रतनजी नवरोजी होते, ख्रिस्ती झालेले पारशी. नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीच्या परंपरेतून आलेला हा माणूस खेड्यापाड्यांतल्या महार-मांग वस्त्यांत मराठीतून बोलत होता. मंडळीपुढे नाताळ ठेवणारा माणूस स्वतःच त्या सणाला मोठेपणी सामोरा गेलेला, नवरोज पाळणाऱ्या समाजात जन्मलेला होता. दुसरा प्रवाह कॅथलिकांचा. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावला १८९० च्या दशकात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशन सुरू झाले, आणि तिथे आलेले फादर गुरियन जाकिए यांना पंचक्रोशीतले हिंदू शेतकरीसुद्धा ‘जाकिए बाबा’ म्हणून आजवर मानतात. हे धर्मगुरू फ्रेंच. त्यांची मध्यरात्रीची मिस्सा आणि गव्हाणीचा देखावा इंग्लंडमार्गे आलेला नाही. गोदाकाठच्या या पट्ट्यात ब्रिटिश सत्तेची सावली होती. पण सणाचे शिक्षक पारशी, ब्राह्मण, फ्रेंच, अमेरिकन आणि स्कॉटिश होते, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या परंपरेत हा सण पाळलाच जात नव्हता.

माझ्या मते उत्तर शिकवणाऱ्यांकडे शोधण्यात चूक होते. ते शिकणाऱ्यांच्या वर्षाकडे पाहिल्यावर सापडते. बाप्तिस्मा घेणाऱ्या कुटुंबाने मूर्तिपूजा सोडली की तिच्याबरोबर पोळा, दसरा, दिवाळी, होळी, गावदेवाची जत्रा आणि मरीआईचा गाडा हे सगळेच सोडायचे, असा मिशनांचा आग्रह असे. वर्षातले सगळे सण एका दिवसात रिकामे होत. आणि या सणांत त्या कुटुंबाचे स्थान काय होते हेही नीट पाहिले पाहिजे. गावगाड्यात महार आणि मांग यांना प्रत्येक सणाला ठरलेले काम असे: वाजवणे, लाकूड फोडणे, मेलेले जनावर ओढणे, वेशीवर राखण करणे. त्याबद्दल ठरलेला वाटाही असे, पण तो दुरून, उघड्या हातावर किंवा पदरात पडणारा, आणि पुष्कळदा उरलेल्या अन्नाचा. त्या मोठ्या सणांचे यजमानपद त्यांच्याकडे येत नसे. त्यांच्या वस्तीत कोणी सणाचे जेवायला येत नसे. ख्रिस्ती झाल्यावर गावकीचे काम आणि बलुते यांवरून गावाशी तंटे होत, आणि कित्येकदा सणाचा तो वाटाही तुटे. अशा मंडळीला वर्षातून एक दिवस हवा होता, ज्या दिवशी चूल आपली, पंगत आपली आणि आमंत्रण देणारेही आपणच. गोठ्यात, जनावरांच्या दावणीत, गरिबाच्या पोटी जन्मलेल्या मुलाची कथा त्यांना सांगितली गेली होती. ही कथा समजायला महारवाड्याला भाष्यकाराची गरज नव्हती. ज्यांच्यासाठी धर्मशाळेतही जागा नाही ते कोण, हे त्यांना ठाऊक होते. प्युरिटनांनी ज्या कारणाने सण नाकारला होता, म्हणजे माणसे त्या दिवशी फार खातात, गातात, नाचतात, नेमक्या त्याच कारणासाठी इथल्या माणसांना तो हवा होता.

म्हणूनच त्याचे रूप इंग्रजी झाले नाही. अहमदनगरच्या मंडळींनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर गीते रचली. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्या गीतपरंपरेला अभंगाची उंची दिली. ही गीते खेड्यांतल्या मंडळ्यांपर्यंत पोहोचली आणि नाताळच्या रात्री गव्हाणीची कथा पेटी, टाळ, ढोलकी आणि डफावर गायली जाऊ लागली. हुरड्याचे दिवस, कडक थंडी, शेकोटी आणि रात्रभर भजन, हा मार्गशीर्ष-पौषातला कार्यक्रम वारकरी सप्ताहाच्या इतका जवळचा आहे की बाहेरून येणाऱ्याला फरक फक्त शब्दांतच कळावा. फराळ दिवाळीचा: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. आकाशकंदिलाचा चांदणीकंदील झाला. देवदार नव्हता तिथे सुरूची फांदी उभी राहिली. दुसऱ्या बाजूने, विलायतेतल्या चर्चमधल्या बायका वर्षभर शिवलेल्या बाहुल्या, झबली आणि चित्रांच्या वह्या पेट्या भरभरून मिशनांना पाठवत आणि त्या नाताळच्या बक्षीससमारंभात शाळेतल्या मुलांना वाटल्या जात. छावणीतल्या डालीशी हे ताडून पाहा. इथे भेट वरून खाली येते, म्हणून ती समानतेची नव्हे. ती कृपेची आहे. पण सणाचा तिसरा भाग प्रीतिभोजनाचा, आणि त्यात ना वर ना खाली. मंडळीने धान्य गोळा करायचे, मोठ्या हंड्यात शिजवायचे आणि एका पंगतीत बसायचे. इंग्लंडमध्ये नाताळचे जेवण बंद दाराआड, कुटुंबापुरते. मराठवाड्यात ते वस्तीचे झाले. सण मुळापासून बदलल्याचा याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. हे सगळे स्वेच्छेचे होते का? १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनची वाताहत केली, मिशनांच्या अन्नछत्रांत आणि अनाथालयांत हजारो माणसे आली, आणि भाकरीसाठी धर्म बदलल्याचा आरोप तेव्हापासून होत आला आहे. भुकेल्या माणसाची निवड पूर्णपणे मोकळी नसते, हे मान्य. परंतु सण टिकण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. अन्नछत्र उठले, परदेशी पैसा आटला, १९४८ मध्ये निजामी राज्य गेले, गोरे पाद्री परतले, तरी भजन आणि पंगत चालूच राहिली. मदतीसाठी पाळलेला सण मदत संपल्यावर टिकत नाही. याच आक्षेपाची एक बाजू मात्र मी पूर्णपणे मान्य करतो: प्रीतिभोजनाने जात संपवली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातल्या सोयरिकींच्या भिंती चर्चच्या आतही उभ्याच राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजावर हाच दोष ठेवला, आणि १९५० मध्ये ज्या शहरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले त्या शहराच्या आसपास या टीकेला पुरावे शोधावे लागत नव्हते. एका रात्रीची पंगत बाकीच्या वर्षाचे काम करू शकली नाही. तरीही ती एक रात्र ज्यांना पूर्वी मिळालीच नव्हती, त्यांच्या बाजूने पाहिल्यास ती लहान ठरत नाही.

आज जालना रोडवरच्या दुकानांत लाल टोपीचा सांता उभा असतो, इंग्रजी शाळांत मुले कापसाचा बर्फ करतात. हा बाजाराचा नाताळ अलीकडचा आहे. वर सांगितलेल्या इतिहासाशी त्याचे फारसे नाते नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. त्यापेक्षा उलट दिशेचा प्रवास बोलका आहे. इथून शिकायला लंडनला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या २५ डिसेंबरला शहर ओस पडलेले दिसते: भुयारी रेल्वे बंद, बस बंद, मोठी दुकाने २००४ च्या कायद्यामुळे बंद, रस्त्यावर माणूस नाही. सण म्हणजे दारे उघडी आणि रस्ता भरलेला, या हिशेबाने वाढलेल्या मुलाला ते कोडे वाटते. पण तेच १९५८ च्या आधी जालन्याचा एखादा ख्रिस्ती माणूस ग्लासगोला गेला असता, तर त्याला कारखाने सुरू दिसले असते आणि नाताळचे भजन करणारा तो एकटाच ठरला असता, ज्या देशाने त्याच्या आजोबांना बायबल दिले त्या देशात.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. १९७७ मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. एकीकरणाच्या वेळी पंथापंथांत मतभेदाचे अनेक मुद्दे होते, पण नाताळ पाळावा की नाही हा त्यांतला एक राहिला नव्हता. तो मराठी मंडळ्यांनी केव्हाच निकालात काढला होता. तो नेमका कसा निघाला हे लिहायचे साहित्य मात्र असमान वाटले गेले आहे. चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठात नीट लावून ठेवलेली आहेत. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक संशोधकांना मिळू शकतात. पण बेथेलच्या, घोगरगावच्या, छावणीच्या आणि शेकडो लहान मंडळ्यांच्या भजनाच्या हस्तलिखित वह्या, पंगतीच्या वर्गणीचे हिशेब आणि नाताळच्या कार्यक्रमपत्रिका अजून घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. हे वाळवी लागण्याच्या वयाचे कागद आहेत. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी ते गोळा करण्याचे काम हाती घेतले, तर दावणीची कथा प्रथम कोणत्या चालीवर, कोणत्या वस्तीत आणि कोणाच्या धान्यावर साजरी झाली हे साहेबांच्या अहवालांवाचूनही सांगता येईल.